स्किमरचा पंप निवडण्याआधी पाइप मोजा

पंपाच्या खोक्यावर ठळक छापलेला ‘ताशी ६००० लिटर’ हा आकडा खरा असतो, पण पंपाला एक फूटही पाइप जोडलेला नसताना. त्याच खोक्यावर ‘कमाल उंची ५ मीटर’ असंही लिहिलेलं असतं. तेही खरंच, फक्त त्या उंचीला थेंबभरही पाणी बाहेर पडत नाही. स्किमर म्हणजे समुद्री मत्स्यालयाचं पाणी फेसाने साफ करणारं यंत्र. त्याचं सगळं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं. नक्की कुठे, ते पंप ठरवत नाही, पाइप ठरवतो. म्हणून हजारेक लिटरची समुद्री टाकी बसवताना आधी पाइपाचा मार्ग कागदावर काढावा आणि मग पंपाच्या चौकशीला निघावं.

स्किमरमध्ये पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय कचरा बुडबुड्यांना चिकटतो आणि फेसाबरोबर वरच्या कपात जातो. प्रथिनांसारख्या रेणूंचा एक भाग पाण्याला धरून राहतो, दुसरा पाण्यापासून पळतो, त्यामुळे हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे ते गोळा होतात. एक लिटर हवेचे १ मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो, अर्ध्या मिलिमीटरचे केले तर १२. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहजी मिसळत नाहीत, म्हणून हे साधतं. गोड्या पाण्याच्या टाकीला हेच यंत्र लावलं तर बुडबुडे मोठे होऊन फुटतात आणि कप कोरडाच राहतो. थोडक्यात, इथे पंपाचं मुख्य काम हवा बारीक करणं हे आहे. स्किमरमधून ताशी टाकीच्या एक ते दीड पट पाणी फिरलं तरी पुरतं.

हवा बारीक करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. नीडल व्हीलमध्ये पंपाच्या पंख्यालाच सुया असतात. हवा पंपाच्या तोंडाशी आत ओढली जाते आणि सुया तिचे तुकडे करतात. हवामिश्रित पाणी ढकलणारा हा पंप पुढच्या पाइपातल्या उलट दाबाला फार लवकर दबतो, म्हणून त्याच्या आणि स्किमरच्या मधे वीतभर सरळ पाइप असावा, एल्बो (वळणाचा तुकडा) एकही नको. दुसरी रीत इंजेक्टरची: पाणी जोरात नोझलमधून सोडायचं आणि तो झोतच हवा ओढून घेतो. याला दाबाचा पंप लागतो आणि पाइपाचा हिशोब सगळ्यात महाग पडतो तो इथेच.

समजा, इंजेक्टरला ताशी ४००० लिटर पाणी हवं आहे आणि नोझलपाशी ३ मीटर दाब, म्हणजे ३ मीटर उंच पाण्याच्या खांबाइतका. संपमधल्या (मुख्य टाकीखालच्या छोट्या टाकीतल्या) पाण्यापासून नोझल १.२ मीटर उंच, मधे ३ मीटर सरळ पाइप आणि ६ एल्बो. एक इंची शेड्यूल ८० (जाड भिंतीच्या) पाइपाचा आतला व्यास साधारण २४.३ मिलिमीटर असतो. त्यातून हे पाणी सेकंदाला २.४ मीटर वेगाने धावतं आणि दर मीटरला सुमारे २४ सेंटिमीटर दाब खातं. एक एल्बो पाऊण मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. म्हणजे ३ अधिक ४.५, एकूण साडेसात मीटर, आणि घर्षणात गेलेला दाब सुमारे १.८ मीटर. पंपाने द्यायचे एकूण ६ मीटर. आता तोच मार्ग दीड इंची पाइपाने करा. एल्बोची लांबी वाढते, पण मीटरमागे नुकसान जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर, आणि एकूण घर्षण ३० सेंटिमीटरच्याही आत. पंपाला साडेचार मीटर पुरतात. छोट्या पंपाची कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तर पहिल्याला साधारण २०० वॉट लागतील, दुसऱ्याला १५०. पंप चोवीस तास चालतो, तेव्हा रोजचं सव्वा युनिट फक्त पाइप बारीक घेतला म्हणून जातं.

पाइप घेताना दुकानात वेगळीच गंमत होते. ‘एक इंची’ म्हणून मागितलेल्या तीन पाइपांचा बाहेरचा व्यास तीन तऱ्हेचा निघतो: प्लंबिंगचा यूपीव्हीसी ३३.४ मिलिमीटर, सीपीव्हीसी २८.६, आणि शेतीचा करडा पाइप ३२. एकाचा फिटिंग दुसऱ्यावर बसत नाही. करडा पाइप प्लंबिंगच्या एल्बोत जातो खरा, पण सैल बसतो, आणि सोल्युशन थापून ती फट भरणारे कारागीर कमी नाहीत. असा जोड महिना-दोन महिन्यांनी पाझरतो. सगळं सामान एकाच प्रकारचं घ्यावं. ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन वापरावेत. आटे बसवताना टेफ्लॉन टेप पुरते. सूत-सफेदा प्लंबरच्या पिशवीतच राहू द्या.

पंप कशाचा बनवलेला आहे हे त्याच्या ताकदीइतकंच महत्त्वाचं. घराघरांत असतो तो अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक स्वस्त आणि दणकट, पण त्याची बॉडी बिडाची आणि पंखा पितळी. खाऱ्या पाण्यात पितळेतलं तांबं सुटतं आणि प्रवाळ, कोळंबी, शंख यांच्या जिवावर उठतं. पॉलिप्रॉपिलीनचा, मॅग्नेटिक ड्राइव्हचा (मोटर पंख्याला चुंबकाने फिरवते असा) पंप घ्यावा. त्यात पाण्याला धातूचा स्पर्शच होत नाही. बडोद्याच्या लोकांना इथे एक सोय आहे. जवळच्या नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत आम्ल खेळवायला असेच पंप लागतात, त्यामुळे असे पंप आणि त्यांची दुरुस्ती करणारा माणूस शोधायला मुंबई गाठावी लागू नये. मात्र हे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. ते पाण्याच्या पातळीखाली बसवावे लागतात, आणि कोरडे चालले तर आतली सिरॅमिक दांडी तापून तडकते. परदेशातून कुणी पंप आणून देत असेल तर पाटीवर ५० हर्ट्झ आहे का ते पाहा. ६० हर्ट्झचा साधा एसी पंप आपल्याकडे एक षष्ठांश हळू फिरतो, पाणी तितकंच घटतं, दाब मात्र जवळजवळ एक तृतीयांश घटतो. ११० व्होल्टचा असेल तर हा प्रश्नच उरत नाही, तो लावताक्षणीच जळतो.

पंपाच्या ओढीच्या बाजूला कधीही कंजुषी करू नये. तिथला पाइप पंपाच्या तोंडाहून एक माप मोठा असावा आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. ओढ आवळली की पंपात पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटू लागतात, खडखड आवाज येतो आणि पंखा झिजतो. प्रवाह कमी करायचा तर तो पुढच्या बाजूला. दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारे जोड) हवेतच, नाहीतर साफसफाईला करवत लागते.

स्किमरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर गेट व्हॉल्व्ह लावावा. बॉल व्हॉल्व्हची दांडी बोटभर सरकली तरी आतली पातळी भसकन बदलते. गेट व्हॉल्व्ह पाव-पाव फेऱ्याने फिरवता येतो. या पाइपाच्या सर्वांत उंच जागी वर उघडी टी (तीन तोंडांचा जोड) ठेवली नाही तर सायफन लागून पातळी सतत खालीवर होते. कपाचा निचरा डब्यात सोडला असेल, तर डब्यात फ्लोट स्विच बसवून पंप त्याच्यामार्फत चालवावा. फेस बिघडला की तासाभरात वीस-तीस लिटर खारं पाणी फरशीवर येऊ शकतं.

वीज गेली की संपच्या वर बसवलेल्या स्किमरमधलं पाणी पंपातून उलटं खाली येतं. २०० मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात ६० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ १९ लिटर. एनआरव्हीवर (पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर) विसंबू नये, क्षार आणि शंख त्याला उघडाच अडकवतात. संपमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवणं जास्त भरवशाचं.

बडोद्याच्या मे महिन्यात पंपाची उष्णताही हिशोबात धरावी लागते. पाण्यात बुडालेला १५० वॉटचा पंप जवळजवळ सगळी ऊर्जा अखेर पाण्यातच सोडतो. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर हजार लिटर पाणी दिवसात तीनेक अंशांनी तापेल एवढी ती असते.

आणि चालू स्किमरचा फेस मंदावला की पंपाला दोष देण्याआधी हवेची नळी काढून पाहावी. ओढीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा बुच बसलेला असतो. आठवड्यातून एकदा तिथून पेलाभर कोमट गोडं पाणी ओढू दिलं की तो विरघळतो. नळीचं टोक मात्र पाण्याच्या पातळीहून वरच बांधावं.