पार्श्वभूमी : कर्नेलची पान-वसुली आणि ‘स्वॅपीनेस’चा घोळ

लिनक्स सर्व्हरवर मेमरीचा ताण आला की सल्ला ठरलेला असतो. स्वॅपीनेस (मेमरीतली पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, कर्नेलने म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने सहसा डिस्कवर असलेल्या ‘स्वॅप’ जागेत किती सहज हलवावीत हे ठरवणारा आकडा) 10 करा, नाहीतर 1 करा, डेटाबेस असेल तर सरळ 0. आकडा टक्केवारीसारखा दिसतो, म्हणून ‘60 म्हणजे 60 टक्के मेमरी भरली की स्वॅप सुरू’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा अर्थ कधीच खरा नव्हता. खरा अर्थ मात्र वेळोवेळी बदलत गेला, आणि नाव व डीफॉल्ट 60 तेच राहिल्यामुळे तो बदल बहुतेकांपर्यंत पोचलाच नाही.

मेमरी अपुरी पडली की कोणते पान बाहेर काढायचे, हा प्रश्न 1962 च्या अ‍ॅटलस यंत्राइतका जुना आहे. 1960 च्या दशकातच मल्टिक्सवर घड्याळाच्या काट्यासारखी फिरत पाने तपासणारी पद्धत आली आणि 1968 मध्ये ‘वर्किंग सेट’ची, म्हणजे प्रोग्रामला त्या काळात खरोखर लागणाऱ्या पानांच्या संचाची, कल्पना मांडली गेली. सुरुवातीच्या युनिक्सात पानेच नव्हती. आख्खी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) डिस्कवर जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. ती खरोखरची अदलाबदल होती. 1970 च्या दशकाच्या शेवटी व्हॅक्स यंत्रांवर एकेक पान हलवणे सुरू झाले, तरी ‘स्वॅप’ हा शब्द चिकटून राहिला.

लिनक्सच्या 2.4 मालिकेत, म्हणजे स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या मालिकेच्या मधोमध, सप्टेंबर 2001 मध्ये वसुलीची (पाने काढून मेमरी मोकळी करण्याची) सगळी व्यवस्थाच बदलण्यात आली. त्यावर बरेच वाद झाले. पण आपला आकडा आला तो त्यानंतर, डिसेंबर 2003 च्या 2.6 मध्ये.

तिथे तो एका बेरजेतला एक भाग होता. प्रक्रियांनी मॅप केलेल्या (आपल्या पत्त्यांशी जोडून घेतलेल्या) मेमरीच्या टक्केवारीचा अर्धा भाग, अधिक ‘डिस्ट्रेस’ (वसुली किती अडली आहे त्याचा आकडा), अधिक स्वॅपीनेस. बेरीज 100 च्या खाली असेल तोवर कर्नेल फाइल कॅशेतूनच (फाइलींच्या मेमरीत ठेवलेल्या प्रतींतूनच) वसुली करायचा. 100 गाठली की मॅप केलेली पानेही घ्यायचा. ताण नसताना डिस्ट्रेस 0 असतो. म्हणजे 60 ठेवल्यास मॅप केलेली मेमरी 80 टक्क्यांवर जावी लागे. आणि 0 ठेवल्यास? अर्धा भाग फार तर 50 भरतो, म्हणून उरलेले 50 डिस्ट्रेसमधून यायला हवेत, आणि ते वसुली अगदी हातघाईवर आल्यावरच येतात. थोडक्यात, 0 म्हणजे ‘जमेल तितके टाळ, पण जिवावर बेतले तर स्वॅप कर’. डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी 0 हाच आकडा धरला तो या भरवशावर, आणि तेव्हा तो बरोबर होता.

डिसेंबर 2008 च्या 2.6.28 मध्ये एलआरयू याद्या (बऱ्याच काळात न वापरलेली पाने आधी काढता यावीत म्हणून ठेवलेल्या याद्या) विभागल्या गेल्या: निनावी पाने (कोणत्याही फाइलीशी न जोडलेली, प्रक्रियांची स्वतःची) एकीकडे, फाइलींची दुसरीकडे. बेरीज गेली, प्रमाण आले. निनावी पानांना 60, तर फाइलींना 200 वजा 60 म्हणजे 140 एवढे वजन; आणि उचललेल्यांपैकी किती पाने पुन्हा वापरात सापडली, यावरून ते वजन कमीजास्त होई. मात्र गणितात निनावी बाजूला एक अधिक केलेला होता, त्यामुळे 0 ठेवले तरी थोडी निनावी पाने तपासली जातच.

तो ‘अधिक एक’ 2012 च्या 3.5 मध्ये काढून टाकला गेला. बदल पाहायला गेले तर चिमूटभर. फाइल कॅशे पुरेशी असताना महत्त्वाच्या प्रक्रियेची पाने बाहेर का जावीत, हा मुद्दा त्यामागे होता आणि तो चुकीचा नाही. पण परिणाम असा झाला, की मोकळी आणि फाइलींची पाने मिळून कर्नेलने मोकळ्या मेमरीसाठी ठरवलेल्या वरच्या खुणेखाली जाईपर्यंत 0 वर स्वॅपच होईना. स्वॅपची जागा रिकामी पडलेली असताना ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रक्रिया बंद पाडणारा कर्नेलचा भाग) येऊन डेटाबेस मारून गेल्याच्या तक्रारी आल्या. काही लिनक्स वितरणांनी (कर्नेलसह तयार प्रणाली देणाऱ्यांनी) हा बदल आपल्या 2.6.32 कर्नेलातही मागे नेऊन बसवला होता, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक पाहूनही उलगडा होईना. माझ्या मते निर्णय इथे चुकला. ज्यांनी 0 विचारपूर्वक लिहिला होता, त्यांच्याच पायाखालून त्याचा अर्थ काढून घेतला गेला. नवे वागणे हवेच होते तर त्याला नवा आकडा किंवा नवे नाव द्यायला हवे होते. ‘0 नको, 1 ठेवा’ हा आजही फिरणारा सल्ला त्या वर्षाची खूण आहे.

पुढचा बदल 2020 च्या 5.8 मधला. त्याची पायाभरणी 2014 मध्ये 3.15 ने केली होती: बाहेर काढलेले पान लगेच परत मागितले गेले तर ते ओळखण्याची सोय. त्या आधारावर वसुली आता प्रत्येक बाजूचा खर्च मोजते. स्वॅपीनेसची कमाल मर्यादा 100 वरून 200 झाली आणि अर्थ पुन्हा बदलला. 100 म्हणजे स्वॅप आणि फाइल दोन्हींचे आयओ (वाचन-लेखन) सारखेच महाग. स्वॅपचे उपकरण दुप्पट वेगवान असेल तर 133. मला हा अर्थ सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो मोजून तपासता येतो.

डिसेंबर 2022 च्या 6.1 मध्ये पिढ्यांवर चालणारी नवी एलआरयू आली. ती दोन याद्यांऐवजी पानांच्या पिढ्या ठेवते आणि वापराच्या खुणा पेज टेबलांतून (कोणते पान मेमरीत कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्यांतून) फिरून गोळा करते, पण निनावी आणि फाइल यांतला तोल ठरवताना तीही स्वॅपीनेसच वाचते. डीफॉल्ट अजून 60 आहे. आजच्या अर्थाने ते सांगते, की स्वॅप फाइलींच्या सुमारे 2.3 पट महाग आहे. फिरत्या डिस्कवर ते पटण्यासारखे आहे. झेडरॅममध्ये पाने आकुंचन करून रॅममध्येच ठेवली जातात, तिथे डिस्कला हातच लागत नाही. तरीही आकडा हाताने बदलला नाही, तर कर्नेल हेच 60 धरून चालतो.