‘माय फेअर लेडी’: आवाज कोणाचा, निगेटिव्ह कोणाची

वॉर्नर ब्रदर्सचे प्रमुख जॅक वॉर्नर यांनी १९६२ साली ‘माय फेअर लेडी’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाचे चित्रपट हक्क ५५ लाख डॉलरना घेतले. तोवर कुठल्याही नाटकाच्या हक्कांना एवढी किंमत आली नव्हती. पण आकड्यापेक्षा सोबतच्या अटी जाचक होत्या. चित्रपटाची कमाई २ कोटी डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेतला ४७.२५ टक्के हिस्सा सीबीएसला द्यायचा होता. शिवाय प्रदर्शनानंतर सात वर्षांनी निगेटिव्हची, म्हणजे ज्यावरून प्रिंट काढतात त्या मूळ फिल्मची, मालकीही सीबीएसकडे जाणार होती. सीबीएस म्हणजे अमेरिकेतली रेडिओ-टीव्ही कंपनी. १९५६ सालच्या मूळ नाटकाला भांडवल तिनेच पुरवलं होतं आणि त्याच्या गाण्यांची तबकडी तिच्याच कोलंबिया रेकॉर्ड्सने काढली होती. ज्युली अँड्र्यूजला भूमिका का मिळाली नाही आणि या चित्रपटाच्या चांगल्या ब्लू-रेसाठी २०१५ उजाडावं का लागलं, हे दोन प्रश्न नेहमी वेगवेगळे चर्चिले जातात. दोन्हींची मुळं याच करारात आहेत.

आधी भूमिकांचं पाहू. नाटकाचे ब्रॉडवेवर २,७१७ प्रयोग झाले. फुलं विकणारी एलायझा डूलिटल रंगवून ज्युली अँड्र्यूज रंगभूमीवरची मोठी तारका झाली होती, पण तोपर्यंत तिचा एकही चित्रपट आलेला नव्हता. चित्रपटाचा एकूण खर्च १ कोटी ७० लाख डॉलरवर गेला. हक्कांपायीच एवढी रक्कम मोजल्यावर, शिवाय सात वर्षांत निगेटिव्ह हातची जाणार असताना, वॉर्नरना पहिल्याच फेरीत पैसे वसूल करायचे होते. त्यासाठी गावोगावच्या प्रेक्षकाला ठाऊक असलेला चेहरा हवा होता. म्हणून ऑड्री हेपबर्न आली, १० लाख डॉलर मानधनावर. व्यापारी म्हणून हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र तारखांनी वॉर्नरची चांगलीच थट्टा केली. मोकळ्या राहिलेल्या अँड्र्यूजने डिस्नेचा ‘मेरी पॉपिन्स’ केला, तो त्याच वर्षी, १९६४ मध्ये आला आणि सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं. ‘माय फेअर लेडी’ने आठ ऑस्कर मिळवले, पण हेपबर्नला साधं नामांकनही नव्हतं.

एलायझाला नीट बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापक हिगिन्सच्या भूमिकेसाठी वॉर्नरनी कॅरी ग्रँटला विचारलं होतं. रेक्स हॅरिसनला घेतलं नाही तर मी चित्रपट बघायलाही येणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. एलायझाच्या बापाची भूमिका जेम्स कॅग्नीने नाकारली. शेवटी ब्रॉडवेवरचेच हॅरिसन आणि स्टॅन्ली हॉलोवे पडद्यावर आले, म्हणजे मुख्य तिघांपैकी एकटी एलायझाच बदलली. तिच्या मागे लागलेल्या फ्रेडीचं काम जेरेमी ब्रेटने केलं, त्याचं गाणं मात्र बिल शर्लीच्या आवाजात आहे.

हेपबर्नला गाता येत नव्हतं, हा समज अर्धवट आहे. ‘फनी फेस’मध्ये ती स्वतः गायली होती. ‘मून रिव्हर’ही तिनेच गायलं, पण त्याची चाल तिच्या आवाजाचा आवाका पाहून बांधलेली होती. एलायझाची गाणी अँड्र्यूजच्या चार सप्तकांच्या गळ्यासाठी केलेली, आणि खरी अडचण तिथे होती. हेपबर्नने शिकवण्या घेतल्या, गाणी ध्वनिमुद्रित केली, काही ठिकाणी तिच्याच आवाजावर चित्रीकरणही झालं. अखेर बहुतेक गायन गायिका मार्नी निक्सनच्या आवाजात घेतलं गेलं. कान देऊन ऐकलं तर जोड सापडतो. ‘जस्ट यू वेट’मध्ये हिगिन्सला शिव्याशाप देणारा खालच्या पट्टीतला बराचसा भाग हेपबर्नचा आहे, आणि राजाचं स्वप्न रंगवताना चाल वर चढते तिथे निक्सनचा आवाज येतो. नंतर हेच गाणं रडवेल्या सुरात थोडक्यात पुन्हा येतं, ते हेपबर्नचं आहे.

आवाज उसना घेण्याचे दोन मार्ग असतात. एकात गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि सेटवर ते वाजत असताना कलाकार त्याबरहुकूम ओठ हलवतो, हा सोपा. दुसऱ्यात चित्रीकरण कलाकाराच्या स्वतःच्या आवाजावर झालेलं असतं आणि गायिकेला पडद्याकडे बघत तिच्या ओठांवर, तिच्या श्वासांवर आपला सूर बसवावा लागतो. ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुडची गाणी निक्सनने अशी बसवली. इथेही आधी चित्रित झालेल्या भागांत तेच करावं लागलं. त्यात मूळ कलाकाराने एखादा स्वर ओढला असेल किंवा लवकर सोडला असेल तर गायिकेला तो तसाच घ्यावा लागतो; तोंड मिटलेलं आणि स्वर चालू, असं झालं की प्रेक्षकाला लगेच खटकतं.

हॅरिसनने तर ओठ हलवायलाच नकार दिला. तो गाणं अर्धं बोलून, अर्धं गाऊन म्हणायचा, दरवेळी वेगळ्या लयीत. आधीच्या ध्वनिमुद्रणाशी ते जुळणं शक्य नव्हतं. त्यामुळे टायमध्ये छोटा बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याची गाणी सेटवरच मुद्रित केली गेली. त्याच्या गाण्यांतला श्वास आणि खोलीचा नाद वेगळा वाटतो तो यामुळे.

श्रेयनामावलीत निक्सनचं नाव नाही. लताबाई-आशाबाईंची नावं तबकडीवर वाचत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला ही लपवाछपवी चमत्कारिक वाटते. हिंदी-मराठीत नटीने स्वतः गायलं तर ती बातमी होते; हॉलिवूडमध्ये नटी गायली नाही ही बातमी होती, आणि हेपबर्नला ती भोवली असं तेव्हापासून बोललं जातं. (पु.लं.नी १९७५ साली ‘ती फुलराणी’ केलं ते मूळ ‘पिग्मॅलियन’वरून, म्हणजे ‘माय फेअर लेडी’ ज्यावर बेतलं त्या बर्नार्ड शॉच्या नाटकावरून. भक्ती बर्वेंच्या मंजुळेला हा प्रश्नच नव्हता.)

आता निगेटिव्हकडे वळू. चित्रपट सुपर पॅनाव्हिजन ७० मध्ये चित्रित झाला. कॅमेऱ्यात ६५ मिमी फिल्म आणि चित्रगृहात ७० मिमी प्रिंट, जादाची जागा सहा चुंबकीय ध्वनिपट्ट्यांसाठी. अशा मोठ्या प्रिंट बऱ्याचदा थेट मूळ निगेटिव्हवरून काढल्या जात. प्रत्येक प्रिंटमागे निगेटिव्ह यंत्रातून जाणार, ओरखडे पडणार, जोड सैल होणार. त्यात ईस्टमनकलरचे रंग काळानुसार उडतात. म्हणूनच तिन्ही रंगांच्या स्वतंत्र कृष्णधवल प्रती काढून ठेवण्याची पद्धत होती, कारण चांदीची प्रतिमा रंगासारखी उडत नाही. १९७१ मध्ये हे सगळं एका स्टुडिओकडून टीव्ही कंपनीकडे आलं. जो विकणार त्याची मालकी नाही आणि ज्याची मालकी त्याचा चित्रपट हा मुख्य धंदा नाही, अशी ही अवस्था निगेटिव्हच्या हिताची नव्हती, असं माझं मत आहे.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘स्पार्टाकस’चं पुनरुज्जीवन करणाऱ्या रॉबर्ट हॅरिसने १९९४ मध्ये जेम्स कॅट्झसोबत या चित्रपटाच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. हेपबर्नच्या आवाजातली गाणी त्या निमित्ताने पुढे आली.

घरगुती आवृत्त्यांवरच्या कंपन्यांची नावं बघितली की करार पुन्हा समोर येतो. व्हीएचएस सीबीएस-फॉक्सची, १९९८ ची डीव्हीडी वॉर्नरची, पुढच्या ब्लू-रे सीबीएससाठी पॅरामाउंटने विकलेल्या. जुन्या कॅसेटमध्ये उंचीच्या २.२० पट रुंद चौकट टीव्हीच्या १.३३ पट चौकटीत कोंबल्याने जवळजवळ ४० टक्के चित्र कापलं जाई. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीत सेसिल बीटनने काळ्या-पांढऱ्या पोशाखांची जी लांबलचक रांग उभी केली आहे, तिचा त्यात काहीच अर्थ उरत नाही.

२०११ ची ब्लू-रे जुन्या मास्टरवरून (डिस्कसाठी बनवलेल्या मूळ प्रतीवरून) काढलेली होती आणि जाणकारांनी तिला नावं ठेवली. पन्नाशीनिमित्त २०१४ साठी जाहीर झालेली आवृत्ती पुढे ढकलली गेली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये आली. या वेळी ६५ मिमी मूळ सामग्रीचं एट-के (सुमारे आठ हजार बिंदू रुंद) स्कॅनिंग झालं, दुरुस्ती फोर-के मध्ये झाली आणि देखरेख पुन्हा हॅरिसचीच होती. फोर-के डिस्क २०२१ मध्ये आली. जुन्या बाजारात ब्लू-रे घेताना वर्ष तपासावं. २०११ आणि २०१५ या दोन्हींवर नावं त्याच कंपन्यांची असल्याने घोटाळा होतो.

भारतातल्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. डिस्क कुठल्या प्रदेशात चालेल ते ठरवणारा विभाग (रीजन) बघावा: अमेरिकन डीव्हीडीचा १, आपला ५. ब्लू-रेत अमेरिका ए, आपण सी. विभागाचं बंधन असलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालणार नाही; फोर-के डिस्कला असं बंधन नसतं. दुसरी गोष्ट संगीतप्रेमींसाठी. पाल या युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, त्यामुळे १७० मिनिटांचा चित्रपट १६३ मिनिटांत संपतो आणि स्वर दुरुस्त केलेला नसेल तर पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते. निक्सनचा आवाज त्यात विनाकारण बारीक लागतो.

डिस्कच्या पूरक विभागात ‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ आणि ‘शो मी’ ही दोन गाणी हेपबर्नच्या आवाजात दिली आहेत. पहिल्यात तिचा आवाज कमावलेला नाही, वरचे स्वर पातळ पडतात, पण कडाक्याच्या थंडीत भाजीबाजारात उभी असलेली ती पोरगी खरी वाटते. ‘शो मी’मध्ये मात्र वॉर्नरना निक्सनची गरज का वाटली ते दोन ओळींत कळतं.