घोडेस्वारी स्पर्धा : लेव्हल कशी ठरते, अर्जाला काय लागतं

दारव्ह्याकडचे एक शेतकरी मुलाचा अर्ज भरायला आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "आपला घोडा त लय पयते, त्याले कायले पायजे लेव्हल?" शंकरपटासारख्या शर्यतीत हा प्रश्न रास्त आहे, तिथं आधी पोचेल तो जिंकतो. पण ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात पळण्याला मोल नाही. २० बाय ६० मीटरच्या चौकोनात घोडा किती ऐकतो ते बघतात आणि प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण देतात.

स्वार आणि घोडा यांची पात्रता वेगवेगळी मोजतात. अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स (घोड्याची एक जात) असोसिएशनने हे स्वच्छ मांडलंय. तिथं खुल्या गटात घोड्याने जिंकलेल्या गुणांवरून लेव्हल ठरते, हौशी आणि युवा गटांत स्वाराने जिंकलेल्या. म्हणजे जिंकून आलेला घोडा विकत घेतला तरी नवखा पोरगा नवख्यांतच उतरतो. आपल्याकडे गट पडतात ते मुख्यतः वय आणि कसोटी किती अवघड आहे यावर.

आंतरराष्ट्रीय नियमांत चिल्ड्रन गट १२ ते १४, ज्युनिअर १४ ते १८ आणि यंग रायडर १६ ते २१ वर्षांचा. यात वाढदिवस नाही, कॅलेंडर वर्ष धरतात. डिसेंबरात १४ पूर्ण करणारा मुलगा त्याच वर्षाच्या जानेवारीपासून ज्युनिअरला पात्र असतो.

ड्रेसाजमध्ये प्रिलिमिनरी, नोव्हिस, एलिमेंटरी, मीडियम असं चढत जायचं. प्रिलिमिनरीत चाल, दुडकी, कॅंटर (दुडकीहून जोराची धाव) आणि २० मीटरचं वर्तुळ. सोपं वाटतं, पण लग्नाच्या वरातीत नाचायला शिकवलेल्या घोडीला सरळ रेषेत चालवून बघा! माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी सगळ्यात खालच्या लेव्हललाच नाव द्या. जंपिंगमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्यात, उडीची उंची म्हणजेच लेव्हल. अडथळ्याची दांडी पडली की ४ दंडगुण.

घोड्याचं वय १ जानेवारीला बदलतं, जन्म कधीचाही असो. ड्रेसाजच्या सर्वोच्च ग्रां प्री पातळीला तो किमान ८ वर्षांचा लागतो. आपल्याकडे दोन वर्षांच्या शिंगरावर माणूस बसतो, ते इथं सोडूनच द्या. खांद्याच्या उंचवट्याशी नालाशिवाय १४८ सेंटीमीटरपर्यंत भरला तर तो पोनी.

आता कागद. इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे स्वाराची एक नोंदणी आणि घोड्याची दुसरी. स्वारासाठी जन्माचा दाखला, आधार, फोटो, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांचं संमतिपत्र तयार ठेवा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, हे आपल्या भागात सर्रास असतं. ते आधी जुळवून घ्या.

घोड्यासाठी मालकीचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि ग्लँडर्स या रोगाच्या रक्ततपासणीचा निगेटिव्ह अहवाल. हा रोग माणसालाही होतो, म्हणून इथं सूट मिळत नाही. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत जातो; हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. अहवाल यायला वेळ लागतो, तेव्हा अर्जाआधी हेच काम काढा. गाडीतून नेताना १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा.

सगळ्यात किचकट कागद म्हणजे ओळखपत्र, ज्याला घोड्याचा पासपोर्ट म्हणतात. त्यात घोड्याची रेखाकृती असते. पांढरे पट्टे लाल शाईने आणि केसांचे भोवरे काळ्या शाईच्या फुलीने दाखवतात. देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, हे आपले म्हातारे पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेत. इथं शुभ-अशुभाचं कुणाला घेणंदेणं नाही, पण भोवरा नेमका कुठं आहे याला फार महत्त्व आहे, कारण मैदानावर घोडा आणि कागद ताडून बघतात.

पशुवैद्यक यायच्या दिवशी घोड्याचे चारही पाय गुडघ्यापर्यंत धुऊन ठेवा. मागं एकाच्या घोडीचा मागचा पांढरा पाय काळ्या मातीखाली झाकला गेला आणि कागदावर तो आलाच नाही. सगळं पुन्हा करावं लागलं.