घरातील झरोके आणि ओल (ग्रामीण विदर्भ)

खोलीतील गरम, दमट हवा व धूर बाहेर जावा म्हणून भिंतीत छताजवळ ठेवलेल्या उघड्या जागेस झरोका म्हणतात. विदर्भातील जुन्या मातीच्या घरांत त्याची वेगळी योजना फारशी लागत नसे. चुलीचा धूर आणि वाफ कवेलूंच्या (छपरावरील कौलांच्या) फटींतून निघून जाई आणि मातीची भिंत शोषलेली ओल हवेत परत सोडून देई. विटा-सिमेंटच्या भिंती, टिनपत्रे आणि स्लॅब आल्यावर या वाटा बंद झाल्या. त्यामुळे गावच्या मिस्त्रीला हाताशी धरून घरमालक स्वतः जे घर उभारतो, त्यात झरोक्याची जागा जोत्याच्या (पायावरील, जमिनीपेक्षा उंच चौथऱ्याच्या) आखणीबरोबरच ठरवावी लागते.

मात्र प्रत्येक ओल झरोक्याने जात नाही. भिंतीच्या तळाशी पोपडे सुटून पांढरा खार फुटत असेल, तर जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढत आहे असे समजावे; ते अडवण्यासाठी जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच ठेवून त्यावर, भिंत चढवण्यापूर्वी, जलरोधक मिसळलेल्या काँक्रीटचा सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा सलग थर टाकतात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अशा जमिनीवर पाया उथळ राहिल्यास भिंतीला तडे जातात आणि पुढच्या पावसात त्यांतूनच पाणी शिरते. मातीच्या जुन्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा देण्याची पद्धत बरीच रूढ आहे, पण ती घातकच म्हणावी लागेल, कारण आत शिरलेली ओल मग बाहेर पडत नाही आणि गिलाव्यामागची माती सुटू लागते.

नॅशनल बिल्डिंग कोडनुसार (देशाच्या इमारत-बांधकाम संहितेनुसार) उष्ण-कोरड्या हवामानात दारे सोडून खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एकदशांश असावे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतील २५ चौरस मीटरच्या घरकुलास या हिशेबाने २.५ चौरस मीटर उघडी जागा लागते. ती एकाच भिंतीत असून भागत नाही. खालच्या खिडकीतून आलेली हवा तापून वर चढते, म्हणून झरोका समोरच्या भिंतीत, छताला शक्य तितका जवळ असावा. पावसाळी वारे मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येत असल्याने त्या बाजूच्या झरोक्यावर छज्जा काढतात आणि झरोक्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार देतात. डास-उंदरांसाठी बसवलेली जाळी स्वयंपाकघरात काजळीने लवकर बुजते, तेव्हा ती काढून धुता येईल अशी बसवणे सोयीचे.

टिनाखालच्या खोलीत हिवाळ्याच्या पहाटे आढ्यावरून टपकणारे पाणी गळतीचे नसते: रात्री पत्रा थंड पडतो आणि स्वयंपाकाची व श्वासाची वाफ त्यावर थंड होऊन तिचे थेंब बनतात. येथे चुलीच्या वरचा झरोका उपयोगी पडतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर जवळजवळ अपरिहार्य आहे. तो पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, म्हणून समोर हवा जाण्यास वाट नसेल तर खोली गार होण्याऐवजी चिपचिपीत होते आणि कपाटामागील भिंतीवर बुरशी धरते. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते. तेव्हा पाणी भरलेला कूलर चालवल्याने घरातली ओल तेवढी वाढते. त्या दिवसांत पाऊस उघडल्यावर, ऊन पडले असताना झरोके-खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात, आणि घरात साठवलेला कापूस किंवा तूर भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावी.