भाजी निवडणारा पुरुष आठवड्यानंतर कुठे जातो?

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या मराठी पुस्तकात एक चित्र आलं: बाई आणि पुरुष शेजारी बसून भाजी निवडताहेत. वर्तमानपत्रांनी दखल घेतली, कौतुकही झालं. चित्र चांगलंच आहे. पण अशी चित्रं छापली की मुलांच्या मनातला बाईमाणूस-पुरुषमाणूस भेद आपोआप पुसला जातो, हा समज काही खरा नाही. मुलांची आठवण चित्र जसंच्या तसं जपून ठेवत नाही.

कॅरल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्वर्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. 5-6 वर्षांच्या मुलांना त्यांनी चित्रं दाखवली. काही रूढीप्रमाणे, तर काही रूढीच्या उलट, जसं की करवतीने लाकूड कापणारी मुलगी. आठवड्याने विचारलं, हे काम कोण करत होतं? उलट्या चित्रांच्या बाबतीत बरीच मुलं चुकली आणि चूक एकाच दिशेने झाली: लाकूड कापणाऱ्या मुलीचा मुलगा झाला. रूढीप्रमाणे असलेल्या चित्रांत अशी अदलाबदल फारशी झाली नाही. नुसता विसराळूपणा असता, तर चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या असत्या.

याचं कारण असं, की आठवण म्हणजे कपाटातून फोटो काढणं नव्हे. काम काय होतं, हे पक्कं राहतं. ते कोण करत होतं, हा धागा कच्चा राहतो. आठवायची वेळ आली की मेंदू रिकामी जागा तयार साच्याने भरतो. ‘करवत म्हणजे मुलगा’ हा साचा जितका पक्का, तितकी ती जागा झटकन भरते, आणि गंमत म्हणजे भरलेल्या आठवणीने साच्याला आणखी एक पुरावा मिळतो. म्हणजे साच्याविरुद्ध दाखवलेलं चित्रसुद्धा साच्याच्याच खात्यावर जमा होऊ शकतं.

हे घरी करून पाहता येतं. दहा-बारा चित्रं घ्या, निम्मी रूढ, निम्मी उलटी, आणि मिसळून दाखवा. सगळीच उलटी ठेवली तर मूल चलाखी ओळखतं. त्याच संध्याकाळी विचारू नका, तेव्हा आठवण ताजी असते. आठवडा जाऊ द्या. मुलाने मुलीऐवजी मुलगा म्हटलं तरी ‘बरोबर-चूक’ करू नका, नाहीतर पुढची उत्तरं तुमच्या चेहऱ्याकडे बघून येतील.

साचा येतो कुठून? एक वाट मुलाच्या स्वतःच्या समजुतीची. आपण मुलगा की मुलगी, हे मूल दोन-तीन वर्षांचं होता होता सांगायला लागतं. पण केस कापले, कपडे बदलले तरी ते बदलत नाही, हे साधारण सहा-सात वर्षांपर्यंत नीट उमगलेलं नसतं. मधल्या काळात बाहेरच्या खुणा हाच त्याला भक्कम आधार वाटतो. म्हणून चार वर्षांची मुलगी फ्रॉकसाठी जो हट्ट धरते, तो दर वेळी आईनेच शिकवलेला असतो असं नाही.

दुसरी वाट मोठ्यांची, आणि ती फार लवकर सुरू होते. कॉन्ड्री या संशोधक दांपत्याने 1976 साली 204 जणांना 9 महिन्यांच्या एकाच बाळाचं चित्रण दाखवलं. पेटीतून बाहुला टुणकन वर आला की बाळ दचकून रडतं. ‘मुलगा’ म्हणून सांगितलेल्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, ‘मुलगी’ म्हणून सांगितलेल्यांना भीती. 2000 सालच्या एका प्रयोगात 11 महिन्यांच्या बाळांना उतारावरून रांगायला लावलं, तर मुलगे-मुलींचं रांगणं सारखंच निघालं. मात्र मुलींच्या आयांनी आपल्या लेकीची क्षमता कमी धरली होती आणि मुलग्यांच्या आयांनी जास्त. आता जिला घाबरट समजलं तिला पटकन उचलून घेतात; उचललं की सराव कमी; सराव कमी की खरोखरच मागे पडणं.

जीवशास्त्राचा वाटा शून्य नाही. अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या, अ‍ॅड्रिनल) ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात गर्भातच पुरुष-संप्रेरकं जास्त मिळालेल्या मुली सरासरीने गाड्यांशी जास्त खेळतात. पण यावरून ‘मुलांचा डावा मेंदू, मुलींचा उजवा’ अशी विभागणी करून बोटांच्या ठशांवरून पोराचं करिअर सांगणाऱ्यांचा धंदा शास्त्रीय ठरत नाही. पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी सांगण्याइतकाच तो विश्वासार्ह आहे.

आता पुस्तकातल्या चित्रासमोर काय उभं आहे ते पाहा. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाची 289 मिनिटं जात होती, पुरुषांची 88. ही सरासरीसुद्धा त्या दिवशी अशा कामाला हात लावलेल्यांचीच. ज्यांनी हातच लावला नाही, ते पुरुष यात धरलेले नाहीत. एक पान एका बाजूला, रोजचं स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला.

म्हणूनच हरियाणातल्या 314 सरकारी शाळांमध्ये झालेला प्रयोग वेगळा वाटतो. सातवी-आठवीपासून अडीच वर्षं, साधारण दर तीन आठवड्यांनी 45 मिनिटांची तासिका, आणि तिथे नुसतं दाखवणं नव्हे तर वादच: घरी भांडी कोण घासतं, का? मुलामुलींच्या प्रतिगामी मतांपैकी 16 टक्के बदलली, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो परिणाम टिकून होता. घरकामात मदत वाढल्याचं मुलग्यांनी सांगितलं. ते त्यांच्याच तोंडचं. भांडी प्रत्यक्ष घासली का, हे कोणी सिंकपाशी उभं राहून मोजलेलं नाही.