डीपी (सोसायटीचा वीज ट्रान्सफॉर्मर) खिडकीजवळ असला की कॅन्सर होतो?

सोसायट्यांत वर्षानुवर्षे फिरणारा हा समज. ट्रान्सफॉर्मरमधून क्ष-किरणांसारखे काही निघत नाही. असते ते ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र. सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे २०० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक). अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने घटते. तेही मुख्यतः ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतून नव्हे, तर जास्त अ‍ॅम्पिअर वाहणाऱ्या लो टेन्शन (कमी दाबाच्या) केबल व बसबारमधून (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधून) येते. म्हणून तळघरातल्या ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत तिन्ही फेज आणि न्यूट्रलच्या (परतीच्या) तारा एकत्र बांधून न्यावेत, वरच्या फ्लॅटच्या फरशीलगत पसरू नयेत.

खरी भीती टाकीत भरलेल्या तेलाची. गळके गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती), ओव्हरलोड आणि योग्य फ्यूजऐवजी गुंडाळलेली जाड तार, एवढे जमले की बिघाड झाला तरी वीज तुटत नाही, आतले वाइंडिंग (तारांची वेटोळी) जळते, टाकी फुटून पेटते तेल उडते. त्यामुळेच निवासी इमारतीच्या आत फक्त ड्राय टाइप (तेल नसलेला) ट्रान्सफॉर्मर चालतो. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) उघड्या तारा इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर हव्यात; बाल्कनी वाढवणारे नेमके हेच विसरतात. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत. ब्रीदरमधली (टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली) निळी सिलिका जेल गुलाबी झाली, की तिने ओल धरली. ती बदलायला सांगा. कुंपणाला टेकून कचरा, दुचाकी, वडापावची गाडी मात्र नको.