परसातल्या पिल्लांची मरतूक आणि ‘मानमोडी’ : खान्देशातील पार्श्वभूमी

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापर्यंत कोणत्याही घरी महिन्याच्या आतली पिल्ले पटापट मरू लागली, की त्या मरतुकीला पहिला शब्द लागतो तो ‘मानमोडी’. घरातल्या बाया तोच शब्द वापरतात, आठवडे बाजारात पिल्ले विकणारा तोच वापरतो आणि औषधाच्या दुकानातही तोच शब्द सांगून बाटली मागितली जाते. पिल्लांचे वय, त्यांची विष्ठा, त्यांना मिळालेली ऊब आणि खाद्य यांपैकी काहीही न विचारता एका शब्दावर प्रश्न मिटवला जातो. ही सवय कशी पडली हे पाहिल्याशिवाय पिल्लांच्या ‘अज्ञात’ आजारांचे निदान आजही अडून का राहते, याचा उलगडा होणार नाही.

हा शब्द केवळ कोंबड्यांचा नाही. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत माणसांना आलेल्या तापालाही महाराष्ट्रात मानमोडीच म्हटले गेले. त्यामुळे हे एका ठरावीक रोगाचे नाव नसून झपाट्याने येऊन मान टाकायला लावणाऱ्या साथीचे वर्णन आहे, असे मला वाटते. पुढे १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात जावा बेट, इंग्लंडमधील न्यूकॅसल आणि कुमाऊँतील राणीखेत येथे कोंबड्यांचा एकच विषाणुजन्य रोग जवळपास एकाच काळात नोंदला गेला. जगाने त्याला न्यूकॅसलचे नाव दिले, आपल्याकडे राणीखेत हे नाव रुळले आणि मराठी पत्रकांमध्ये त्यापुढे कंसात ‘मानमोडी’ छापले जाऊ लागले. घोटाळा या कंसाने केला. राणीखेतला मानमोडी म्हणतात, हे विधान बरोबर होते. वाचणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ उलट्या बाजूने घेतला आणि मान वाकडी झालेले प्रत्येक पिल्लू राणीखेतचे ठरू लागले.

प्रत्यक्षात मान पिळवटण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील काहींचा संसर्गाशी संबंधच नाही. पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे पाहत बसते, तेव्हा बऱ्याचदा जीवनसत्त्व ब१ कमी पडलेले असते. ही गोष्ट १८९०च्या दशकात जावामध्येच, सडून कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडल्यावर उघड होऊ लागली आणि माणसांतील बेरीबेरीचे कोडेही तिथूनच सुटत गेले. खाद्यातील तेल खवट झाले की जीवनसत्त्व ई नष्ट होते आणि मेंदूला इजा होऊन पिल्लू तोल सोडते, पाठीवर पडते, मान आत ओढते. उकिरड्यावरच्या सडक्या जनावरातील अळ्या खाल्ल्या तर बोटुलिझमच्या विषाने मान पिळवटत नाही, ती दोरीसारखी लोंबते. खुद्द राणीखेतमध्ये वाकडी मान दिसते ती बहुधा पहिल्या तडाख्यातून वाचलेल्या पक्ष्यांत. अगदी लहान पिल्ले धाप लागून, चोच उघडून श्वास घेत आणि हिरवट हगवण होऊन त्याआधीच जातात. म्हणजे ज्या लक्षणावरून रोगाला नाव मिळाले, ते लक्षण लहान पिल्लांत पुष्कळदा दिसतही नाही.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवायची, निघालेल्या पिल्लांपैकी काही घारीने, काही मुंगसाने न्यायची आणि जी उरतील ती आपली, असा तो व्यवहार होता. कारण शोधण्याइतके मोल पिल्लाला नव्हते. कोंबडीकडून अंड्यातूनच पिल्लात उतरणारी पांढरी हगवण विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखली गेली आणि गुमबोरो हा पिल्लांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणुजन्य रोग १९६२ साली अमेरिकेत प्रथम नोंदला गेला, पण ही नावे आपल्या खेड्यात फार उशिरा पोहोचली.

खरा बदल झाला तो उबवणी केंद्रातले पिल्लू खोक्यात बसून गावात आले तेव्हा. गिरिराज, वनराज, कडकनाथ अशा जातींची पिल्ले योजनांतून आणि बाजारातून घरोघरी गेली, पण त्यांच्यासोबत कोंबडी आली नाही. तिच्या पंखांखाली आपोआप मिळणारी ऊब आता माणसाने द्यायची होती : पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस आणि नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठणाऱ्या आणि मे महिन्यात ४५ अंशांकडे जाणाऱ्या खान्देशात हे साधणे सोपे नव्हते. गारठलेली पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात आणि सकाळी कोपऱ्यात दिसणारा ढीग पाहून घरचे लोक साथ आली असे समजतात. बुरशी लागलेला भुसा किंवा भुईमुगाची टरफले खाली अंथरली, तर फुप्फुसात बुरशी वाढून पिल्ले धापा टाकतात. पावसात भिजलेल्या मक्यातून आणि शेंगदाण्याच्या पेंडीतून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष पोटात जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी अगम्य रोगाने मेले, तेव्हा अखेर दोषी निघाली ती शेंगदाण्याची पेंडच. भुईमूग आणि मका घरात असलेल्या आपल्या भागाने हा प्रसंग विसरू नये.

या साऱ्या इतिहासावर २००६ सालाची सावली पडली आहे. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. देशातील कोंबड्यांमधला हा पहिलाच उद्रेक होता. त्याआधीचे काही आठवडे तिथली मरतूक राणीखेतची मानली जात होती. या समजुतीवर आजही वाद होतो आणि तो योग्य आहे. निदान चुकले, इतके म्हणून भागत नाही, कारण मेलेला पक्षी उघडला तर दोन्ही रोगांत जठराच्या ग्रंथींवर रक्ताचे ठिपके सापडतात. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे अनुभवी पशुवैद्यकालाही अवघड आहे. आक्षेप वेगळाच आहे. ओळखीचे नाव हाताशी होते, म्हणून दुसरी शंका घ्यायला उशीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष आल्यावरही काही व्यावसायिकांनी हे राणीखेतच असल्याचे ठामपणे सांगितले आणि त्यामागे बाजार कोसळण्याची भीती होती, हे समजण्यासारखे आहे. परंतु या वादात शेडमालक आणि शासन यांचेच आवाज ऐकू आले. ज्यांच्या अंगणातल्या पाच-सात कोंबड्या पिल्लांसह पोत्यात भरून नेल्या गेल्या, त्या आदिवासी घरांना आपली निरोगी पिल्ले का गेली, हे नीट समजावून सांगितले गेले नाही, असे माझे मत आहे. भरपाईही साथ रोखण्यासाठी सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. त्यामुळे खरी मरतूक लवकर कळवणाऱ्याच्या हाती काय पडते, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित राहिला आणि अजूनही आहे.

मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला तो परसातल्या कोंबड्यांमध्ये. २०२१च्या आरंभी नवापूर पुन्हा सापडले आणि पुन्हा पक्षी नष्ट करावे लागले. २००६ आणि २०२१ या दोन सालांनी प्रश्नाचे रूपच पालटले. पूर्वी विचारले जायचे, ‘ही मानमोडी आहे का?’ आता विचारले जाते, ‘हा बर्ड फ्लू तर नाही ना?’ नमुना निगेटिव्ह आला की गाव सुटकेचा निःश्वास टाकते आणि चौकशी तिथेच थांबते. निगेटिव्ह याचा अर्थ एक रोग नाही, इतकाच. पिल्ले कशाने मेली हे त्या कागदावर लिहिलेले नसते. बर्ड फ्लू सहसा वय पाहत नाही, तो मोठ्या कोंबड्यांनाही झपाट्याने मारतो. त्यामुळे आई ठणठणीत आणि फक्त पिल्ले मरत असतील, तर शोध दुसरीकडे न्यायला हवा, इतका साधा विचारही भीतीपोटी मागे पडतो.

लसीकरणाने हा गुंता कमी करण्याऐवजी काही वेळा वाढवला आहे. राणीखेतची सौम्य लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्यायची असते. पंखाखाली टोचायची आर-टू-बी लस दोन महिन्यांच्या आसपास द्यायची, कारण ती तीव्र असते आणि कोवळ्या पिल्लाला दिली तर लुळेपणा आणि वाकडी मान तिच्यामुळेच येऊ शकते. गावात एकाच दिवशी शिबिर भरते आणि सर्व वयाचे पक्षी एकत्र आणले जातात, तेव्हा हा भेद पाळणे कठीण होते. शिवाय लसीची कुपी शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी असते आणि विरघळवल्यावर दोन-एक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांच्या घरासाठी ती कोण फोडणार? बर्फाशिवाय उन्हातून आणलेली लस देऊनही पिल्ले मरतात आणि मग लसच खोटी ठरते.

निदानाची खरी किल्ली वयात आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत पोट फुगून, बेंबी ओली राहून पिल्ले जात असतील, तर दोष उबवणीतल्या अस्वच्छतेत किंवा प्रवासात शोधावा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुदद्वाराला पांढरी विष्ठा चिकटत असेल, तर पांढऱ्या हगवणीचा संशय घ्यावा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात खाली अंथरलेल्या ओल्या भुशावर रक्ताची विष्ठा दिसली तर ती रक्ती हगवण आणि त्याच वयात पिल्ले अचानक थरथरून पेंगू लागली तर गुमबोरो. यासाठी पिल्ले कोणत्या तारखेला निघाली किंवा आणली, एवढी एक नोंद घरात असावी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतानाही कुजलेल्या पिल्लाचा उपयोग नसतो. नुकतेच मेलेले एक पिल्लू पिशवीत घालून बर्फावर ठेवावे, त्याच्याबरोबर आजारी पण जिवंत असलेली दोन न्यावीत आणि खाद्याची मूठभर पुडीही सोबत द्यावी. मात्र मोठ्या कोंबड्याही पटापट मरत असतील, तर काहीही हलवू नये, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि डॉक्टरांनाच घरी बोलवावे.